स्क्रूच्या डोक्यावरची खाच



घरातल्या कपाटाचे दार एखाद्या दिवशी लोंबकळू लागते. पाहावे तो वरच्या बिजागरीचा एक स्क्रू सैल झालेला. तुम्ही मोठ्या उत्साहाने पेचकस आणता, स्क्रूच्या डोक्यावरच्या फुलीत टेकवता आणि जोराने फिरवता. एक फेरा नीट होतो, दुसराही होतो. तिसऱ्या फेऱ्याला 'कर्र' असा आवाज होऊन पेचकस खाचेतून वर उसळतो. चारपाच वेळा असे झाले, की फुलीच्या भिंती झिजून तिथे एक गुळगुळीत वाटी तयार होते. मग तो स्क्रू आवळताही येत नाही आणि काढताही येत नाही. स्क्रूची किंमत ती काय, पण त्याच्यापायी बिजागरी जाते, बिजागरी ठोकून काढताना फळीचा टवका निघतो आणि कपाट दुरुस्त करायला आलेला सुतार अर्धा दिवस एकाच स्क्रूशी झगडत बसतो.

यात दोष कोणाचा? तुमच्या हाताचा थोडा असेल, पण बराचसा त्या खाचेच्या आकाराचा आहे. बाजारात स्क्रू घेताना आपण त्याची लांबी पाहतो, जाडी पाहतो, तो लोखंडी की पितळी हे विचारतो. डोक्यावरची खाच कोणती, हे मात्र क्वचितच पाहतो. या लेखात आपण तिचाच विचार करणार आहोत.

परभणी जिल्ह्यातल्या खेड्यात एखादी जुनी लाकडी बैलगाडी अजून उभी असेल, तर ती नीट न्याहाळा. तिच्या चाकात स्क्रू एकही सापडणार नाही. तुंब्याच्या छिद्रांत आरे घट्ट बसवलेले, आऱ्यांवर लाकडी घेर, आणि घेरावर तापवून चढवलेली लोखंडी धाव. धाव थंड होताना आकसते आणि सारे चाक आवळून धरते. तिफणीचे आणि वखराचेही तसेच. भोक, कूस आणि पाचर यांवर सगळे काम. पाचर सैल झाली की शेतकरी दगडानेच ती पुन्हा ठोकतो. जाड लाकडाला ही पद्धत उत्तम. पण अर्धा-पाऊण इंच जाडीच्या फळीला पितळी बिजागरी बसवायची, तर पाचर चालत नाही आणि खिळा दार रोज उघडून मिटून हळूहळू वर येतो. तिथे स्क्रूच पाहिजे.

स्क्रू म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली उतरण, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. कागदाचा काटकोन त्रिकोण पेन्सिलीभोवती गुंडाळून पाहिला, की त्याची तिरपी कड आट्यांसारखी दिसू लागते. आपल्याकडे सुतारकामात फार चालतो तो आठ नंबरचा स्क्रू. नंबरावरून जाडी काढण्याचे जुने सूत्र सोपे आहे: नंबराला ०.०१३ ने गुणावे आणि त्यात ०.०६० मिळवावे, उत्तर इंचांत येते. आठ नंबरासाठी ते ०.१६४ इंच, म्हणजे सुमारे ४.२ मिलिमीटर होते. अशा स्क्रूच्या एका फेऱ्यात तो लाकडात सुमारे १.७ मिलिमीटर उतरतो. म्हणजे २५ मिलिमीटर लांबीचा स्क्रू बसवायला सुमारे १५ फेरे. दोन दारांच्या कपाटाला सहा बिजागऱ्या आणि प्रत्येकीला सहा स्क्रू धरले तर ३६ स्क्रू आणि ५४० फेरे झाले. मनगट एका वेळी फार तर अर्धा फेरा देते. तेव्हा सुताराला मनगट हजाराहून अधिक वेळा पिळावे लागते, आणि त्या प्रत्येक वेळी त्याची ताकद त्या इवल्याशा खाचेतूनच स्क्रूपर्यंत पोचते.

ही ताकद किती, याचा हिशेब करू. घट्ट सागवानात स्क्रू शेवटी आवळताना समजा ३ न्यूटन-मीटर परिबल लागले. पेचकसाची मूठ ३० मिलिमीटर व्यासाची असेल, तर तिची त्रिज्या १५ मिलिमीटर. ३ ला ०.०१५ ने भागले की २०० न्यूटन येतात; एवढा जोर पकडलेल्या मुठीचा घेर लावतो. आता खाचेकडे या. सरळ खाच असलेल्या स्क्रूत पेचकसाचे टोक खाचेच्या दोन विरुद्ध बाजूंना, मध्यापासून सुमारे ३ मिलिमीटरवर, टेकते. तिथे दोन्ही बाजूंचे मिळून १००० न्यूटन, म्हणजे एका बाजूला ५०० न्यूटन बल पडते. सुमारे ५० किलोग्रॅमचे ज्वारीचे पोते ज्या जोराने खाली दाबते, तेवढा जोर तांदळाच्या कणीएवढ्या जागेवर! पेचकसाचे टोक खाचेत सैल असेल किंवा कोपरे झिजलेले असतील, तर ही जागा आणखी कमी होते आणि धातू चिरडतो. खाच बिघडण्याचे हे पहिले कारण.

दुसरे कारण अधिक गमतीचे आहे. खाचेच्या भिंती अगदी उभ्या असतील, तर पेचकस त्यांना आडवे ढकलतो आणि भिंतीही त्याला आडवेच उलट ढकलतात. पण भिंती किंचित उतरत्या असल्या, म्हणजे खाच वर रुंद आणि खाली अरुंद असली, तर भिंतीचे बल तिरपे येते. तिरप्या बलाचे दोन घटक होतात. एक आडवा, तो स्क्रू फिरवण्याच्या कामी येतो. दुसरा स्क्रूच्या अक्षाच्या दिशेने वर, आणि तो पेचकसाला खाचेबाहेर लोटतो. तुम्ही जितका जास्त पीळ द्याल, तितका हा बाहेर लोटणारा घटक वाढतो. म्हणजे आपणच आपल्या पेचकसाला बाहेर ढकलत असतो! त्याला आत धरून ठेवण्यासाठी दोनच गोष्टी असतात: भिंतीशी होणारे घर्षण आणि आपण वरून दिलेला दाब. पोलादावर पोलाद घासताना घर्षणगुणक ०.१५ धरला, तर सुमारे साडेआठ अंशांपर्यंतचा उतार एकटे घर्षण सांभाळते. उतार त्याहून जास्त झाला की हाताचा दाब लागतो, आणि हात दमला की 'कर्र'!

यावरून एक व्यवहारातली गोष्ट सहज निघते. स्क्रू सहज आत जावा म्हणून सुतार त्याच्या आट्यांना मेण किंवा साबण लावतात. ते योग्यच आहे. पण तोच साबण किंवा तेलकट हात डोक्यावरच्या खाचेला लागला, की घर्षण कमी होऊन पेचकस लवकर उसळतो. उलट, झिजू लागलेल्या फुलीत थोडी खरखरीत पूड किंवा रबराची पातळ पट्टी घातली, तर कधी कधी एवढ्यानेच हट्टी स्क्रू सुटून येतो.

आता निरनिराळ्या खाचा पाहू. सर्वांत जुनी ती सरळ खाच. बाजारात तिला 'मायनस' म्हणतात. करवतीने एक चीर पाडली की झाली, म्हणून शेकडो वर्षे तीच चालली. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे नेटलफोल्ड आणि चेंबरलेन यांनी १८५४ साली टोकदार स्क्रू यंत्रावर करण्याचे अमेरिकन पेटंट विकत घेऊन प्रचंड कारखाना उभारला, तेव्हाही डोक्यावर हीच चीर होती. (त्याआधीचे स्क्रू टोकाला बोथट असत, हे वाचून आज नवल वाटते.) या खाचेचा मोठा दोष असा, की पेचकसाला मध्य सापडत नाही. तो खाचेतून आडवा घसरतो आणि पॉलिश केलेल्या दारावर ओरखडा तरी उठतो, नाहीतर स्क्रू धरलेल्या डाव्या हातात तरी घुसतो. यंत्राच्या वेगाने तर ती फिरवणे अशक्यच.

तिचे काही गुण मात्र विसरू नका. तीवर रंगाचे दोनतीन हात बसले तरी पात्याने खरवडून ती मोकळी करता येते. फुलीत भरलेला रंग काढणे महाकठीण. ती झिजली तर करवतीच्या पात्याने पुन्हा खोल करता येते. मापाचा पेचकस घेतला, म्हणजे ज्याचे टोक खाचेएवढेच रुंद आणि चिरेत न हलणारे आहे असा, तर ती उत्तम काम देते. आपल्याकडे या खाचेची बदनामी झाली ती बरीचशी पेचकसांमुळे. रंगाच्या डब्याची झाकणे उचकटून आणि पटाशीऐवजी ठोकून ज्याची टोके गोल झाली आहेत, त्याच पेचकसाने आपण स्क्रू फिरवतो. गोल झालेले टोक म्हणजे पुन्हा उतरती भिंतच!

कॅनडामध्ये पीटर लिंबर्नर रॉबर्टसन नावाचा एक फिरता विक्रेता होता. सरळ खाचेच्या स्क्रूचे प्रात्यक्षिक दाखवताना पेचकस घसरून त्याचा हात कापला, आणि त्यातून त्याला नवी खाच सुचली असे सांगतात. १९०८ साली त्याने चौकोनी खाचेचा स्क्रू काढला आणि ऑन्टारिओ प्रांतातल्या मिल्टन गावी कारखाना घातला. चौकोनी खाच करणे त्याआधी इतरांनाही सुचले होते, पण थंड धातूवर ठसा मारून अशी खाच पाडताना डोके फाटत असे. रॉबर्टसनने वरची कड किंचित तिरपी, भिंती अगदी थोड्या उतरत्या आणि तळ निमुळता ठेवला. त्यामुळे धातू न फाटता बाजूला सरकला. भिंतींचा उतार इतका कमी, की घर्षण तो सहज सांभाळते. एवढेच नव्हे, तर स्क्रू पेचकसाच्या टोकावर अडकून राहतो आणि सुताराचा दुसरा हात फळी धरायला मोकळा राहतो. फोर्ड मोटारींच्या कॅनडातील कारखान्याने हे स्क्रू वापरून बराच वेळ वाचवला. हेन्री फोर्डला त्यांचे उत्पादन आपल्या ताब्यात हवे होते. रॉबर्टसनने नकार दिला. कॅनडात सुतार आजही या खाचेवर खूश आहेत, पण जगभर पसरली ती दुसरीच.

ती म्हणजे फुली. अमेरिकेतील पोर्टलंड शहरच्या हेन्री फिलिप्सने जॉन थॉम्पसन याची कल्पना विकत घेऊन सुधारली, आणि १९३६ साली तिची पेटंटे मिळवली. अमेरिकन स्क्रू कंपनीने ते स्क्रू तयार केले आणि जनरल मोटर्सने कॅडिलॅक मोटारीत वापरले. फुलीच्या भिंती मुद्दाम उतरत्या ठेवल्या होत्या. कारण कारखान्यात यंत्राचे टोक क्षणात खाचेत शिरले पाहिजे, आपोआप मध्यावर आले पाहिजे, आणि खाच पाडणारा ठसाही अडकून न बसता सुटला पाहिजे. हे सगळे साधले. बदल्यात आपल्या वाट्याला ते 'कर्र' आले. पेचकस वेळीच उसळावा आणि स्क्रू जास्त आवळला जाऊ नये म्हणूनच फिलिप्सने ही रचना केली, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. पण १९३६ च्या पेटंटांत तसा दावा नाही. तो उल्लेख पुढे १९४९ च्या सुधारित पेटंटात येतो. मला तर यात दोषालाच मागाहून गुण म्हटल्यासारखे वाटते.

परभणीच्या बाजारात याच फुलीला 'स्टार' किंवा 'प्लस' म्हणतात. तिच्याही मापांचे नंबर असतात, आणि पाच ते नऊ नंबरच्या स्क्रूंना दोन नंबरचे टोक लागते. एक नंबरचे टोकही त्यात शिरते, फिरतेही. पण ते भिंतींना पुरते टेकत नाही आणि खाच खाऊन टाकते. अनेक घरांत एकच लहान 'स्टार' पेचकस असतो आणि रेडिओपासून कपाटापर्यंत सगळीकडे तोच चालवला जातो. बिघडलेल्या फुल्यांपैकी पुष्कळ अशाच बिघडतात.

येथे एक फसगत सांगितली पाहिजे. १९६० च्या दशकात फुलीची सुधारलेली आवृत्ती निघाली, तिचे नाव पोझिड्रिव्ह. तिच्या भिंती जवळजवळ उभ्या असल्यामुळे पेचकस सहसा उसळत नाही. ओळखण्याची खूण सोपी: मोठ्या फुलीच्या चार हातांमध्ये डोक्यावर चार बारीक रेघा कोरलेल्या असतात. हल्ली कपाटांना 'ऑटो हिंज' म्हणजे आत लपणाऱ्या बिजागऱ्या आणि खणांना चॅनल बसवतात. त्या युरोपी पद्धतीच्या असल्या, तर त्यांच्या स्क्रूंना बहुधा हीच खाच असते. सुतार नेहमीचे दोन नंबरचे 'स्टार' टोक लावतो. ते त्यात शिरते, पण डुगडुगते. चांगल्या खाचेला चुकीचे टोक लावल्याने ती वाईट खाचेपेक्षाही लवकर बिघडते. तुमच्या घरी काम चालू असेल, तर त्या चार रेघा शोधा आणि सुतारकाकांना दाखवा.

शेवटची खाच सहा पाकळ्यांच्या फुलासारखी दिसते. १९६७ साली अमेरिकेतील कॅमकार कंपनीने ती टॉर्क्स या नावाने काढली. बोल्टात जी षट्कोनी खाच असते आणि जिला आपण अॅलन की लावतो, तिच्या सपाट बाजूंना चावीचे कोपरे फार तिरपे टेकतात. त्यामुळे बरेचसे बल डोके बाहेरच्या बाजूला फाकवण्यात वाया जाते. पाकळ्यांच्या आकारात बल जवळजवळ फिरण्याच्याच दिशेने लागते. भिंती उभ्या, त्यामुळे बाहेर लोटणारा घटक नाहीच म्हणा ना. यंत्राने लांब स्क्रू बसवायला याहून चांगली खाच सध्या तरी सहज मिळत नाही. चार मिलिमीटर जाडीच्या स्क्रूला साधारणपणे वीस नंबरचे आणि पाच मिलिमीटरच्या स्क्रूला पंचवीस नंबरचे टोक लागते. मात्र टोक उसळत नाही म्हणजे ताकदीला लगामही नाही. बॅटरीवरच्या ड्रिलने तो आंधळेपणाने फिरवला, तर स्क्रूचे डोके तुटते, किंवा लाकडातले आटे पिठासारखे भुगा होऊन निघतात. म्हणून ड्रिलच्या गळ्याशी जे आकडे लिहिलेले कडे असते, ते लहान आकड्यावर ठेवून सुरुवात करायची.

मग परभणीत कपाट करताना कोणती खाच घ्यावी? नुसते गुण पाहिले तर सहा पाकळ्यांची. पण सुताराची निवड नुसत्या गुणांवर होत नाही. पालम किंवा सोनपेठच्या बाजारात 'प्लस'चे टोक हमखास मिळेल, सहा पाकळ्यांचे मिळेलच असे नाही. दहा वर्षांनी ते दार दुरुस्त करायला जो येईल, त्याच्या पिशवीत काय असेल, हाही निवडीचाच भाग आहे. माझे मत विचाराल, तर प्लायवूडच्या नव्या कपाटाला चांगल्या प्रतीची फुली किंवा पोझिड्रिव्ह घ्या आणि योग्य मापाचे पोलादी टोक घरातच, कपाटाच्या एखाद्या खणात, ठेवून द्या. लांब स्क्रू, पलंग, माळा अशी ओढाताणीची जागा असेल, तर सहा पाकळ्या. जुन्या वाड्याच्या सागवानी दारावर पितळी बिजागरी असेल, तर सरळ खाचेचे पितळी स्क्रूच शोभतात आणि सोयीचेही पडतात. पितळ मऊ असते, म्हणून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी फिरवून, काढून, वाट करून घ्यावी आणि मग पितळी बसवावा. छताच्या जिप्समसाठी असलेले काळे स्क्रू स्वस्त मिळतात म्हणून काही जण कपाटालाही लावतात. ते कडक, पण ठिसूळ असतात. त्यांनी बिजागरी धरू नये.

लाकडाचाही विचार हवा. जिंतूरचा डोंगराळ भाग सोडला तर आपल्या जिल्ह्यात जंगल थोडेच. साग येतो तो बहुधा किनवट-माहूरकडून किंवा त्याही पलीकडून, आणि बांधावरची बाभूळ घरचीच. बाभळीसारख्या कठीण लाकडात आधी भोक न पाडता स्क्रू घातला, तर कोणतीही खाच टिकणार नाही. सामत्याने किंवा ड्रिलने आठ नंबरच्या स्क्रूसाठी सुमारे पावणेतीन ते तीन मिलिमीटरचे भोक पाडावे. आंब्यासारख्या मऊ लाकडात त्याहून बारीक.

आणि परभणीचे हवामान! मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, लाकूड वाळून आकसते. श्रावणात तेच फुगते. सागाची ४५ सेंटिमीटर रुंद फळी घ्या. तिच्यातील ओलाव्याचे प्रमाण पाच टक्क्यांनी बदलले, तर तिची रुंदी सुमारे ४ मिलिमीटरने बदलू शकते. ती चारी बाजूंनी स्क्रूंनी जखडली, तर फळी तडकते किंवा स्क्रू वाकतात. म्हणून टेबलाच्या फळीखालच्या पट्टीत गोल भोकाऐवजी लांबट भोक ठेवतात. फळी सरकते, स्क्रूही तिच्याबरोबर थोडा सरकतो. असे स्क्रू वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा आवळावे लागतात, आणि तेव्हा खाच शाबूत असली पाहिजे.

वर सांगितलेले सारे घरी पडताळून पाहता येईल. उभे राहून वजन करायचा काटा घ्या. त्यावर दोन फूट लांबीची जाड फळी आडवी ठेवा आणि तिच्या मध्यावर सारखी भोके पाडून सरळ खाच, फुली आणि मिळाल्यास पोझिड्रिव्ह किंवा सहा पाकळ्या असे एकाच नंबरचे स्क्रू अर्धे बसवा. मित्राला फळीची टोके दोन्ही बाजूंनी नुसती अडवायला सांगा, म्हणजे ती फिरणार नाही. त्याने वरून दाबू मात्र नये. फळीचे वजन लिहून ठेवा. आता एकेक स्क्रू सावकाश फिरवा, वरचा दाब हळूहळू कमी करत जा, आणि पेचकस उसळला त्या क्षणी काट्यावर आकडा किती होता ते मित्राला वाचायला सांगा. त्यातून फळीचे वजन वजा केले, की त्या खाचेला किती दाब हवा होता ते कळेल. मग फुलीत साबणाचे बोट फिरवून तोच प्रयोग पुन्हा करा. प्रत्येक वाचन तीनदा घेऊन सरासरी काढा, आणि पेचकसाच्या पुढे डावा हात येऊ देऊ नका.